एका वेळी एकाच वाफ्याला पाणी

वाचक विचारतात : पूर्णवेळ नोकरी सांभाळून एकाहून जास्त विषय शिकणाऱ्यांनी आपल्या अडचणी कळवाव्यात, असं आवाहन आम्ही केलं होतं. आलेल्या पत्रांतले सात प्रश्न इथे घेतले आहेत. पत्रं थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : वय ३४, फोर्टला एका कंपनीच्या अकाउंट्स विभागात आहे. सकाळी ८ची लोकल, घरी परतायला रात्रीचे ८. मोडी लिपी, जर्मन, पायथन (संगणकाची प्रोग्रामिंग भाषा), तबला, आकाशदर्शन आणि पक्षी, हे सगळं मनापासून शिकायचं आहे. सोमवारी मोडी, मंगळवारी जर्मन असं वेळापत्रक केलं, ते तीन आठवड्यांत कोलमडलं. वर्ष झालं, एकही विषय पुढे सरकलेला नाही. एकच ठेवून बाकीचे सोडून द्यावेत का? — डोंबिवली

उत्तर : सोडू नका. चूक विषयांच्या संख्येत नाही, पाणी देण्याच्या पद्धतीत आहे.

रोज एक विषय ठेवला की प्रत्येक विषयाची पाळी सात दिवसांनी येते. नवं शिकलेलं सगळ्यात वेगानं गळतं ते पहिल्या काही तासांत आणि पहिल्या एक-दोन दिवसांत. हे हेर्मान एबिंगहाऊस या जर्मन संशोधकानं स्वतःवर प्रयोग करून १८८५ साली मांडलं होतं. म्हणजे पुढच्या सोमवारी तुम्ही मोडीची वही उघडता, तेव्हा चाळीसपैकी वीस मिनिटं मागचं आठवण्यातच जातात. एखादा मंगळवार हुकला की जर्मनमध्ये थेट चौदा दिवसांचा खंड पडतो. सहाही विषय कायम पहिल्या धड्यावर राहतात ते यामुळे.

उन्हाळ्यात धरणात पाणी थोडं असलं की कालवा आवर्तनानं सुटतो. दारं धरणारा माणूस तेव्हा प्रत्येक वाफ्यात तांब्या-तांब्या पाणी ओतत बसत नाही. एक वाफा पुरता भिजवतो, बांध घालतो आणि मग पुढच्याचं दार फोडतो. तुमच्याकडे वेळेचं पाणी तेवढंच आहे. म्हणून विषयांचे तीन गट करा. एक विषय आवर्तनाचा, त्याला आठ आठवडे भरपूर वेळ. दोन विषय राखणीचे, शिकलेलं विसरू नये इतकाच वेळ. बाकीचे पडीक. पडीक जमीन गेलेली नसते, तिची पाळी यायची असते. ही तीन नावं कागदावर लिहून भिंतीला लावा, कारण पडीक विषयाचा एखादा छान व्हिडिओ समोर आला की हात तिकडे जातोच.

त्याआधी एक आठवडा काहीही शिकू नका, फक्त मोजा. खिशातल्या वहीत तीन रकाने करा : वेळ, ठिकाण, आणि डोकं कसं आहे (ताजं, बरं, संपलेलं). रात्री ९ ते १० मोकळे असतात पण डोकं संपलेलं असतं, असं पाचही दिवस निघालं तर तो तास हिशेबातून काढून टाका. वेळापत्रकं मोडतात ती बहुधा याच तासावर रचलेली असतात. तुमच्या पत्रावरून दिसतं की सकाळी निघण्याआधीची ४० मिनिटं आणि शनिवारचा दीड तास हे तुमचं खरं भांडवल आहे. पाच सकाळी मिळून २०० मिनिटं, शनिवारी ९०, एकूण २९०. रविवार मोकळा ठेवा, हुकलेली एखादी सकाळ त्यात भरून निघेल.

वाटणी अशी करा. सोमवार, मंगळवार, गुरुवार, शुक्रवारच्या सकाळी आणि शनिवारचा एक तास आवर्तनाच्या विषयाला : २२० मिनिटं. बुधवारची सकाळ आणि शनिवारची उरलेली ३० मिनिटं राखणीच्या दोन विषयांना. असं केल्यानं आवर्तनाचा विषय दर दिवसाआड तरी हाताखालून जातो. आठ आठवड्यांत त्याला सुमारे २९ तास मिळतात.

आता या २९ तासांत काय होतं, तेही आधीच पाहून ठेवा, म्हणजे निराशा होणार नाही. मोडीची अक्षरओळख, बाराखडी आणि स्वच्छ हस्ताक्षरातली सोपी पत्रं अडखळत वाचणं एवढं यात बसतं. पेशवे दप्तरातलं घाईचं लेखन बसत नाही. जर्मनच्या ए-१ या सगळ्यात पहिल्या पातळीला, आधीची तयारी किती यावर, ४५ मिनिटांचे ८० ते २०० पाठ धरतात, म्हणजे ६० ते १५० तास. तुमच्या हिशेबानं दोन ते पाच आवर्तनं झाली. मध्ये दुसरा विषय येणार असेल तर जर्मन तेव्हा राखणीत ठेवायचीच, तिला पडीक टाकलं तर पहिलं आवर्तन वाया जातं. पायथनचं तसं नाही. लूप आणि फंक्शन एकदा हातानं लिहून पक्कं झालं की सहा महिन्यांनी दोन सकाळींत परत येतं. ऑफिसात एक्सेलमध्ये दर महिन्याला हातानं करावं लागणारं एखादं जुळवणीचं काम पायथननं करून पाहा, म्हणजे त्याची राखण नोकरीच्या वेळेतच होईल.

विषयांचा क्रम ऋतूवर सोडा. जून ते सप्टेंबर आपल्याकडे आकाश झाकलेलं असतं, तेव्हा मोडी किंवा जर्मन. स्थलांतरित पक्षी दिवाळीच्या आगेमागे येऊ लागतात आणि मार्चपर्यंत राहतात. डिसेंबरात अंधार पडला की पूर्वेला मृग, रोहिणी, कृत्तिका आणि थोड्या वेळानं व्याध दिसतो. (जूनमध्ये ‘मृग लागतो’ तेव्हा सूर्यच त्या नक्षत्रात असतो, म्हणून तेव्हा मृग दिसत नाही. आपल्या पंचांगात इतकं आकाशज्ञान पडून आहे, ते शिकायला एक वही पुरते.) नोव्हेंबर ते फेब्रुवारी आकाश आणि पक्षी एकत्र बांधा : अमावास्येजवळच्या शनिवारी वांगणीसारख्या कमी उजेडाच्या ठिकाणी रात्री तारे आणि तिथेच पहाटे पक्षी. अशा चार फेऱ्यांत जे होईल ते गॅलरीत उभं राहून वर्षभरात होत नाही.

लोकलमध्ये उभ्यानं नवं काही शिकायचा हट्ट धरू नका. कानानं ऐकून उजळणी होईल तेवढीच, जर्मनचा आधी वाचलेला संवाद किंवा तबल्याचे बोल. तबल्याला मात्र हा आठ आठवड्यांचा हिशेब जसाच्या तसा लागू होत नाही. त्याचं पुढच्या उत्तरात पाहा.

प्रश्न : मी इंजिनिअर आहे, दीड वर्ष तबला शिकतो. क्लास रविवारी. रोज वेळ मिळत नाही म्हणून शनिवारी रात्री सलग दोन तास बसतो. गुरुजी दर वेळी म्हणतात, हात बसत नाही. फ्लॅटमध्ये राहतो, रात्री दहानंतर वाजवता येत नाही. — कोल्हापूर

उत्तर : शनिवारचे दोन तास मोडून रोजची १५ मिनिटं करा. एकूण वेळ कमी झाला तरी चालेल. हाताची सवय रोजच्या पुनरावृत्तीनं आणि मधल्या झोपेनं बसते. सलग दोन तासांत शेवटचा तास तुम्ही दमलेल्या बोटांनी चुकीचा निकासच (बोल काढण्याची पद्धतच) घट्ट करत असता.

पंधरा मिनिटं अशी : पहिली तीन मिनिटं सुटे बोल, ना, तिं, धा. पुढची सात मिनिटं एकाच कायद्याचं (ठरलेल्या बोलरचनेचं) फक्त मुख म्हणजे मूळ ओळ, पलटे म्हणजे तिचे फेरफार नाहीत. शेवटची पाच लेहऱ्यावर (तालाभर फिरत राहणाऱ्या सुरावटीवर) तीनतालाचा ठेका. लय मिनिटाला ६० मात्रांवर ठेवा. सोळा मात्रांचं आवर्तन तेव्हा सोळा सेकंदांचं होतं, पाच मिनिटांत सुमारे अठरा आवर्तनं. दोन दिवस लागोपाठ सम (आवर्तनाची पहिली मात्रा) न चुकता गेली तरच ६४ वर जा. लय वाढवताना पहिली चूक कुठे दिसते? ‘ना’मध्ये. तर्जनी चाटेवर (पुडीच्या, म्हणजे वरच्या कातड्याच्या, कडेच्या पट्टीवर) पडते तेव्हा अनामिका हलकी टेकलेली हवी. लय चढली की अनामिका एक तर उचलली जाते किंवा दाबली जाते, आणि आसेचा (बोलानंतर घुमत राहणाऱ्या नादाचा) खणखणीतपणा जाऊन नुसता ठोका ऐकू येतो. फोनवर एक मिनिट रेकॉर्ड करून ऐका. आस गेलेली ऐकू आली की चार मात्रा खाली या.

तबला गवसणीत गुंडाळून कपाटावर ठेवू नका. काढणं, मांडणं, स्वर जुळवणं यात सात-आठ मिनिटं जातात आणि पंधरा मिनिटांचा रियाज तिथेच बारगळतो. कोपऱ्यात मांडून वर कापड टाका. रोजच्या सुट्या बोलांसाठी अगदी स्वरात नसला तरी चालतो, हातोडी आठवड्यातून एकदा घ्या. पावसाळ्यात दमटपणानं पुडी सैल पडून स्वर उतरतो, तेव्हा दोनदा.

रात्री दहानंतर पढंत करा. तोंडानं बोल, हातानं ताल : सम, पाचवीला टाळी, नववीला खाली (टाळी न देता हात बाजूला), तेरावीला टाळी. ‘धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा’ हे खाली न चुकता पाच मिनिटं म्हणता आलं, की दुसऱ्या दिवशी हातही त्यामागून लवकर येतो. बसमध्येही हे होतं, टाळी मांडीवर बोटानं द्या.

प्रश्न : माझ्या नोंदी व्हॉट्सअॅपवर स्वतःलाच पाठवलेल्या, दोन अॅपमध्ये, तीन वह्यांत आणि स्क्रीनशॉटमध्ये आहेत. ‘नंतर पाहू’मध्ये चारशे व्हिडिओ. अँकी या उजळणीच्या कार्डांच्या अॅपमध्ये सहा विषयांचे सहा गठ्ठे केले, आता ११०० कार्डं थकली आहेत आणि अॅप उघडवत नाही. — पुणे

उत्तर : आधी अँकी, कारण तिथला आकडा तुमच्या आळसाचा नाही, सेटिंगचा आहे. अँकी प्रत्येक गठ्ठ्यात रोज २० नवी कार्डं दाखवतं, ही त्याची मूळ मर्यादा. सहा गठ्ठे म्हणजे रोज १२०. ठोकताळा असा की रोज जितकी नवी कार्डं, त्याच्या सात ते दहा पट उजळण्या काही आठवड्यांत रोजच्या होतात. तुम्ही नकळत रोज आठशे ते बाराशे उजळण्यांची तयारी करून ठेवली होती. नोकरी करणाऱ्याला सगळ्या विषयांची मिळून रोज पाच नवी कार्डं पुरे. उजळण्या ३५ ते ५० राहतात, प्रत्येकी दहा सेकंद धरले तर सहा ते आठ मिनिटं.

आज हे करा. नवी कार्डं शून्यावर आणा. जे विषय सध्या पडीक आहेत त्यांचे गठ्ठे थांबवून ठेवा, पुसू नका. उरलेल्यांचा एकच गठ्ठा करून रोज ६० उजळण्यांची मर्यादा घाला. थकबाकी उतरेपर्यंत एक नवं कार्ड नाही. आठ वेळा चुकलेल्या कार्डाला अँकी स्वतः खूण लावतं. ती कार्डं पुन्हा पुन्हा पाठ करू नका, त्यांची रचनाच चुकलेली असते. ‘मोडी लिपीची वैशिष्ट्ये’ हे कार्ड कधीच नीट आठवणार नाही, त्यात पाच उत्तरं कोंबलेली आहेत. ‘मोडीत आधी काय लिहितात, अक्षर की शिरोरेषा?’ याचं उत्तर एक शब्द : शिरोरेषा. ‘ऱ्हस्व-दीर्घ इकार मोडीत कसा ओळखायचा?’ उत्तर : वेगळं चिन्ह पाळत नाहीत, संदर्भानं. ही दोन कार्डं टिकतील.

फोन नको असेल तर चपलांचे रिकामे खोके घेऊन सेबास्टियान लाइटनरची पाच कप्प्यांची पेटी करा. पहिला कप्पा रोज, दुसरा दिवसाआड, तिसरा चार दिवसांनी, चौथा आठवड्यानं, पाचवा पंधरवड्यानं. आलं की पुढच्या कप्प्यात, चुकलं की थेट पहिल्यात. दीडशे-दोनशे कार्डांपर्यंत ही पेटी अॅपइतकीच चालते.

नोंदींचं म्हणाल तर आत येण्याचं दार एकच ठेवा, खिशातली छोटी वही किंवा फोनवरची एकच फाइल. शनिवारी २० मिनिटं ती निवडायची. प्रत्येक ओळीचं तीनपैकी एक करा : कार्ड करा, विषयाच्या वहीत उतरवा, नाहीतर खोडा. ‘नंतर पाहू’त दहाच व्हिडिओ ठेवा, अकरावा टाकताना एक काढा. चारशेची जुनी यादी न बघता पुसून टाका असं आमचं मत आहे. त्यातलं जे खरंच लागणार आहे ते शोधल्यावर दोन मिनिटांत सापडतं.

नोंदींच्या मोठ्या पद्धतींमागे लागू नका. निकलास लूमान या जर्मन समाजशास्त्रज्ञाची चिठ्ठ्यांची पेटी आज इंटरनेटवर फार चर्चेत आहे. त्यात सुमारे ९० हजार चिठ्ठ्या होत्या, पण लिहिणं हाच त्यांचा व्यवसाय होता. त्यातलं एकच घ्या : एका चिठ्ठीवर एकच मुद्दा, आणि तो आपल्या शब्दांत.

नोंदी कितीही सुबक असल्या तरी त्या वाचत बसणं म्हणजे अभ्यास नव्हे. रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात उतारा पुन्हा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनंतर पुढे होते, पण आठवड्यानंतर पुस्तक मिटून आठवून लिहिणारे पुढे गेले. म्हणून वहीच्या डाव्या पानावर फक्त प्रश्न लिहा, उजवीकडे उत्तरं. उजळणीच्या वेळी उजवं पान झाका.

प्रश्न : राष्ट्रीयीकृत बँकेत अधिकारी आहे, वय ४२, दोन मुलं शाळेत. संस्कृत, झाडांची ओळख आणि जलरंग शिकते. वेळ पंधरा-वीस मिनिटांच्या तुकड्यांत मिळतो. मार्च एंडिंगला सगळं थांबतं आणि नंतर महिनोन्‌महिने सुरूच होत नाही. — सांगली

उत्तर : ताई, तुमच्या तीन विषयांतलं एक काम तुकड्यांत होत नाही आणि तेच तुम्ही तुकड्यांत करायला बघता आहात. जलरंगाला कागद ओला करणं, पहिला पातळ हात देणं, तो सुकेपर्यंत दहा-पंधरा मिनिटं थांबणं, मग दुसरा हात, असा क्रम असतो. वीस मिनिटांत पहिलाच हात सुकत नाही. घाईत दुसरा दिला की रंग एकमेकांत फुटतात आणि आपल्याला जमत नाही असं वाटू लागतं. रंग फक्त रविवारी, सलग ९० मिनिटं. आठवड्याच्या तुकड्यांत पेन्सिलनं तळहाताएवढी रेखाटनं करा, उजेड कुठून येतो एवढंच ठरवत. रविवारी त्यांतलं एक रंगवा.

संस्कृत तुकड्यांतच छान होतं. ‘राम’ शब्दाची संबोधनासकट २४ रूपं एकदम घोकू नका. एका तुकड्यात एक विभक्ती, तीन रूपं, आणि त्या तिन्ही रूपांची तीन छोटी वाक्यं. ‘रामेण’ सुटं घोकलेलं आठ दिवस टिकत नाही, ‘रामेण फलं खादितम्’ टिकतं.

रविवारचे ९० मिनिटं घरात मागून घ्यावे लागतील, आणि ते नेमके मागावे लागतात. ‘मला थोडा वेळ हवा’ म्हटलं की तो थोडा वेळ सगळ्यांच्या कामात वाहून जातो. ‘रविवारी ४ ते ५:३०, आतल्या खोलीचं दार बंद, चहा तुम्ही कराल’ असं वेळ-जागा-कामासकट बोला. घरी ते शक्य नसेल तर संस्कृतचा एक तास जवळच्या अभ्यासिकेत जाऊन करा. स्पर्धा परीक्षेची मुलं भोवती असली तरी कुणी तुम्हाला उठवायला येत नाही.

बँकेतून आल्या आल्या वही उघडली तर डोक्यात व्हाउचर फिरत राहतात. एक काम अर्धवट ठेवून दुसऱ्याकडे वळलं की लक्षाचा काही भाग पहिल्यातच अडकतो, हे सोफी लरॉय यांनी २००९ मध्ये प्रयोगांतून दाखवलं आहे. निघण्याआधी पाच मिनिटं उद्याची पहिली तीन कामं कागदावर लिहा आणि तो कागद टेबलावरच ठेवून या. अर्धवट काम कागदाला सोपवलं की डोकं ते धरून ठेवत नाही.

आता मार्च. तो दर वर्षी येतो, तर त्याला आधीच वेळापत्रकात घ्या. १५ फेब्रुवारी ते १० एप्रिल सुट्टी जाहीर करा. १४ फेब्रुवारीला एक परतीची चिठ्ठी लिहा : कुठपर्यंत आले, परत येताना पहिली पंधरा मिनिटं काय करायचं, आणि वही कुठे आहे. ‘तृतीया विभक्तीपर्यंत झालं. पहिल्या दिवशी पान ३१वरची सहा वाक्यं झाकून म्हणणे. वही देवघराच्या खणात.’ इतकं नेमकं. परत आल्यावर पहिल्या आठवड्यात नवं काही घेऊ नका. सुट्टीनंतर पुन्हा सुरू न होण्याचं खरं कारण असं की माणूस परत आल्यावर थेट पुढच्या धड्यावर जातो, मागचं आठवत नाही आणि वही मिटते.

सुट्टीत एकच गोष्ट चालू ठेवा. बँकेच्या वाटेवरचा एखादा पळस निवडा. फेब्रुवारीत त्याची पानं गळतात, काळपट मखमली कळ्या येतात, मग केशरी फुलं, आणि मार्च सरेपर्यंत चपट्या शेंगा धरू लागतात. आठवड्याला दोन ओळी, तारीख घालून. मार्च एंडिंगच्या गर्दीत एवढं होतंच, आणि झाडांची वही बंद पडत नाही.

प्रश्न : चाकणला कारखान्यात मेंटेनन्सला आहे. दर आठवड्याला शिफ्ट बदलते. एनपीटीईएलचा (आयआयटींच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांचा उपक्रम) १२ आठवड्यांचा कोर्स दोनदा अर्धवट सुटला. सोबत इंग्रजीही सुधारायचं आहे. — चाकण

उत्तर : तुमचं वेळापत्रक घड्याळावर बसणार नाही, ते झोपेवर बसवा. जमेल त्या शिफ्टला उठल्यानंतर दीड तासानं अभ्यासाचा तास. दुसऱ्या शिफ्टचा आठवडा (दुपारी ३ ते ११) तुमचा सोन्याचा, सकाळी साडेनऊ ते अकरा सलग मिळतात. पहिल्या शिफ्टला ते जमणार नाही, तेव्हा संध्याकाळी ५ नंतर एक तास. तिसऱ्या शिफ्टच्या आठवड्यात नवं काही नाही, फक्त इंग्रजी ऐकणं. रात्रपाळीहून आल्यावर सकाळी ८ला लेक्चर लावून बसू नका, त्यानं झोपही मोडते आणि लेक्चरही डोक्यात राहत नाही.

कोर्स सुटतो तो तिसऱ्या शिफ्टला असाइनमेंटची तारीख गेली की. इथे नियम तुमच्या बाजूनं आहे. १२ आठवड्यांच्या कोर्सात असाइनमेंटचे सर्वोत्तम आठच गुण धरतात, त्यांचं वजन २५ टक्के, उरलेले ७५ टक्के केंद्रावर जाऊन दिलेल्या परीक्षेचे. तुमच्या १२ आठवड्यांत तिसरी शिफ्ट चारदा येते. चार सोडल्या, आठ उरल्या. त्या चार आठवड्यांची लेक्चरं मात्र लगेच पुढच्या आठवड्यात पाहून घ्या, मागे दोन आठवडे साठले की भरून निघत नाहीत. सत्रं जानेवारी आणि जुलैमध्ये सुरू होतात. नाव घालण्याआधी शिफ्टचा तक्ता आणि कोर्सचा तक्ता शेजारी ठेवून पाहा.

प्रश्न : शाळेत गणित शिकवतो. इतिहास, नाणी, संस्कृत यांचंही वेड आहे. लोक म्हणतात, कशाचा कशाशी संबंध नाही, एकात खोल जा. — मडगाव

उत्तर : तुमच्याच गोव्यात १९०७ साली जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी हे या प्रश्नाचं उत्तर आहे. व्यवसायानं गणिती. पुण्याला राहून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत कामाला जात, डेक्कन क्वीननं. संख्याशास्त्र स्वतःच्या हातानं शिकायला एखादा खरा प्रश्न हवा म्हणून त्यांनी नाण्यांची वजनं घेतली. वापरात नाणं झिजतं, तर झीज मोजून ते किती काळ फिरलं हे सांगता येईल का? आधी चालू नाणी तोलली, मग तीच पद्धत तक्षशिलेच्या प्राचीन आहत (ठसे मारून केलेल्या) नाण्यांना लावली. नाणी कोणी पाडली हा पुढचा प्रश्न आला, त्यासाठी मूळ ग्रंथ, ग्रंथांसाठी संस्कृत, आणि तिथून भर्तृहरीच्या सुभाषितांची पाठचिकित्सा (हस्तलिखितं ताडून मूळ पाठ ठरवणं). पुण्याभोवतीच्या टेकड्यांवर ते पायी हिंडून दगडी सूक्ष्म हत्यारं गोळा करत, तेही याच साखळीतलं.

यातून घ्यायचं ते हे : विषय विषयाशी जोडू नका, प्रश्नानं जोडा. तुमच्याकडे मोजणीचं हत्यार आहेच. पुढच्या आवर्तनाला एक प्रश्न ठेवा. तुम्ही वर्गात आकडेवारी शिकवत असालच, तर ०.०१ ग्रॅमपर्यंतचा छोटा डिजिटल काटा घ्या आणि एकाच मूल्याची, एकाच धातूची शंभर चालू नाणी सालाप्रमाणे लावून तोला. एकाच सालाच्या नाण्यांतला फरक किती आणि वेगवेगळ्या सालांतला किती, हे आधी पाहा. काट्याचीच चूक किती हे कळायला एकच नाणं दहा वेळा तोला, ही पायरी गाळली तर पुढचं सगळं निरर्थक होतं. धातू किंवा मूळ वजन मध्येच बदललेली नाणी मिसळू नका, नाहीतर टांकसाळीनं केलेला बदल तुम्ही झीज म्हणून मोजाल.

खोलीचं म्हणाल तर प्रत्येक विषयाची पातळी आधीच ठरवा : ओळख, वापर, की प्रभुत्व. चार विषयांत एकच प्रभुत्वाचा असू द्या. संस्कृत तुम्हाला शिलालेख आणि सुभाषितं शब्दकोशाच्या मदतीनं वाचण्यापुरतं हवं असेल तर तिथे पोचल्यावर ते पूर्ण झालं. त्याला अर्धवट म्हणू नका.

प्रश्न : इथे मोडीचे वर्ग नाहीत. पुण्यातला ऑनलाइन वर्ग रविवारी सकाळी ९ला असतो, तो जमेनासा होतो. — टोरांटो

उत्तर : भारतातले रविवारचे ९ म्हणजे तुमच्याकडे शनिवारी रात्रीचे १०:३०. मार्चमध्ये घड्याळं पुढे गेली की तेच ११:३० होतात आणि नोव्हेंबरपर्यंत तसेच राहतात. वर्ग हिवाळ्यात घ्या. उन्हाळ्यात रेकॉर्डिंग मागून शनिवारी सकाळी पाहा, आणि आठवड्याला एक पान लिप्यंतर करून शिक्षकांना तपासायला पाठवा. नुसतं पाहून मोडी येत नाही, चुका कुणीतरी लाल शाईनं दाखवाव्या लागतात. जुने शब्द अडले तर मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ची आवृत्ती शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येते, आणि मराठी विश्वकोशही इंटरनेटवर आहे. मोडीला २०१४ पासून युनिकोडमध्ये (संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक मानकात) जागा मिळाली आहे, त्यामुळे टंक (फॉन्ट) बसवून सरावाची अक्षरं छापून घेता येतील. पण छापील अक्षर सुटं आणि सरळ असतं, हस्तलिखितात लेखणी न उचलता जोडत नेलेलं. छापलेल्यावर दोनच आठवडे घालवा, मग थेट जुन्या पत्राची प्रत समोर घ्या, त्यावर पातळ कागद ठेवून गिरवा, आणि गिरवताना प्रत्येक अक्षर मोठ्यानं म्हणा.